इन्शिराह बाईंची सात मेलेली यंत्रं

हां, तर हातोडी. काल अजान झाली, तुम्ही सगळे उठून गेलात आणि आमच्या इन्शिराह बाई त्या बंद दारासमोर हात पुढे करून तशाच उभ्या राहिल्या. एक अख्खा दिवस ताटकळल्या बिचाऱ्या. आता देतो त्यांच्या हातात.

मला म्हणाल्या, "हम्मादकाका, हातोडी आणा."

मी म्हणालो, "बाई, किल्ली आहे की माझ्याकडं."

"किल्ली कुलपाला. हातोडी त्या लाखेच्या सीलला."

काल जे नव्हते त्यांना एवढं सांगतो की आपल्या कफ्र शनब गावच्या शाळेत मी एकतीस वर्षं शिपाई होतो. घंटा, किल्ल्या आणि चहा ही तीन खाती माझी. माझं स्वतःचं शिक्षण म्हणाल तर शेखसाहेबांच्या मकतबात कुराणाचं पाठांतर आणि याच शाळेत चार इयत्ता. त्यामुळं संगणक आले तेव्हा मला त्यातलं मुख्याध्यापकांइतकंच कळत होतं. म्हणजे काहीच नाही.

वीस संगणक एका ट्रकमधून आले होते. सगळं गाव कालव्यापर्यंत सामोरं गेलं. बायकांनी जिभा हलवून असा गजर केला की ट्रकवाल्याला वाटलं आपलंच लग्न आहे. उम्द्यांनी, म्हणजे गावच्या मुखियांनी, मेंढा कापला आणि रीतीप्रमाणं रक्तात हात बुडवून पहिल्या खोक्यावर पंजा उमटवला. नजर लागू नये म्हणून. हा पंजा लक्षात ठेवा, तो पुढं सरकारी कागदात येतो.

मग प्रश्न आला, सही कोण करणार? आमच्याकडं सरकारी वस्तूचा चार्ज ज्याच्या नावावर, ती वस्तू त्याच्या मानेवर. खुर्चीचा पाय मोडला तरी मोडलेला पाय सांभाळून ठेवायचा. साहेब आले की खुर्ची दाखवायची आणि पाय दाखवायचा. झाडूचे केस गेले तर दांडा दाखवायचा. सहीचं नाव निघताच मास्तरमंडळी छताकडं बघायला लागली. भूगोलाचे अब्दुल-मौजूद मास्तर त्या दिवशी बहिणीच्या लग्नाला गेले होते. झालं. तीन दिवसांनी परत आले तेव्हा ते संगणकाचे मास्तर झालेले होते.

त्यांनी काय करावं? खोक्यांसकट सगळं कोपऱ्यातल्या खोलीत ठेवलं, कुलूप घातलं, कुलपावर कापड गुंडाळलं आणि त्यावर लाल लाख ओतून शाळेचा शिक्का मारला. सहा वर्षं.

पण शिकवायचं तर होतं, तास लागला होता. दर गुरुवारी मास्तर वर्गाला रांगेनं त्या खोलीच्या खिडकीपाशी न्यायचे. धूळ उडू नये म्हणून चपला बाहेर. पोरं गजांना नाक लावून आत बघायची आणि मास्तर छडीनं दाखवायचे, "तो पंजावाला खोका, त्यात यंत्राचा मेंदू आहे. त्याच्या शेजारी पडदा. पुढं सरका, मागच्यांना बघू द्या." वार्षिक परीक्षेत प्रश्न होता, संगणकाचा रंग कोणता? सगळ्या वर्गानं लिहिलं, खाकी. सगळ्यांना पूर्ण मार्क मिळाले.

त्यातच एकदा उम्म नव्वारा शाळेवरून चालली होती. नव्वाराची आई, डोक्यावर लोण्याचं भांडं. तिनं बघितलं, चाळीस पोरं अनवाणी, मान खाली, एका गजाच्या खिडकीपुढं चिडीचूप. तिला वाटलं आत कुणी वली, पीर पुरलेले असणार, आपल्यालाच इतकी वर्षं पत्ता नाही. तिनं ओढणीची हिरवी चिंधी फाडली, गजाला बांधली आणि पोरगी पास होऊ दे म्हणून नवस बोलली. आणि पोरगी पास झाली! महिन्याभरात त्या गजांना अकरा चिंध्या. मी सोडायला गेलो तर मास्तर म्हणाले, "राहू दे हम्माद. चोर तरी घाबरतील."

मास्तरांची साठी आली. सगळे म्हणाले, आता आराम करा. पण चार्ज दिल्याशिवाय माणूस सुटत नाही आणि घ्यायला कुणी तयार नाही. दोन वर्षं ते वयाच्या पलीकडं शाळेत येत राहिले. नवा मास्तर कुणी आला की चहा पाजायचे, प्रकृती विचारायचे आणि वही पुढं करायचे. एक गणिताचा मास्तर तर चहा अर्धा टाकून मागच्या दारानं गेला, तो थेट बदली घेऊन मन्सूरा शहरात निघाला.

अशात इन्शिराह बाई आल्या. तांता शहरच्या. वय सत्तावीस-अठ्ठावीस. उंची अशी की टेबलामागं बसल्या की नुसता डोक्याचा रुमाल दिसायचा, आणि आवाज असा की मला घंटा वाजवायची गरजच उरली नाही. संगणक शिकवायला खास नेमलेल्या. अब्दुल-मौजूद मास्तरांनी पहिल्याच दिवशी भाजलेला हंस आणला. बाईंनी तंगडी खाल्ली, हात पुसले आणि म्हणाल्या, "कुठं सही करू?"

मास्तरांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "बाई, नीट विचार करा. वीस यंत्रं आहेत, एक छपाईचं यंत्र, आफ्रिकेचा नकाशा, पाय नसलेली शेगडी..."

"आणि?"

"आणि एक झाडू. दांडा नाही."

"नसू दे. मी बुटकीच आहे."

मास्तरांनी वहीचं चुंबन घेतलं. त्या दिवसापासून शाळेच्या रस्त्यानं ते कधी दिसले नाहीत. मशिदीत जायचं तरी कालव्याला वळसा घालून जातात. न जाणो, कुणी चार्ज परत दिला तर!

आता हातोडी. पहिला ठोका पडला तसे आमचे मुख्याध्यापक वहबा सर एका पायात बूट घालून धावत आले.

"बाई! सील आहे ते! सरकारी सील!"

"कुणी लावलं, सर?"

"अब्दुल-मौजूदनं."

"मग त्यांचा हंस खाल्लाय मी. सील आता माझं."

दुसऱ्या ठोक्याला लाख फुटली. खोके उघडले, जोडणी झाली. तेरा यंत्रं लागली, सात लागली नाहीत. सात नंबरच्या पोटात तर पालींनी घर केलं होतं, अंड्यांसकट. वहबा सरांनी घाम पुसत त्याच दुपारी वहीत सातांपुढं 'मृत' असं लिहिलं, शिक्का मारला आणि जिल्ह्याला कळवून मोकळे झाले. अपराध आपल्या वेळचा नको, एवढीच त्यांची घाई.

खोली उघडली खरी, पण आत कुणी जाईना. पोरं उंबऱ्यावर चपला काढून उभी. मास्तरांचं तर विचारूच नका. हात लावला आणि मोडलं तर? वहबा सरांना बाईंनी बळंच खुर्चीत बसवलं, तर ते पेन्सिलीच्या टोकानं एकेक अक्षर दाबायला लागले. मी विचारलं, "सर, बोटानं का नाही?" तर हळूच म्हणाले, "ठसे राहतात, हम्माद."

मग बाईंनी खडू घेतला आणि दारावर हा एवढा मोठा मजकूर लिहिला: 'इथे जे मोडेल, ते मी मोडलं. – इन्शिराह.'

बस. दोन ओळी. मी एकतीस वर्षांत शाळेत बरीच परिपत्रकं चिकटवली, पण असं परिपत्रक दुसरं बघितलं नाही. आठवड्याभरात वर्ग भरला. बाईंनी आधी मास्तरांना बसवलं, मग पोरांना. म्हणायच्या, "मास्तर घाबरलेले असले की पोरं भीतीच शिकतात, बाकी काही शिकत नाहीत." अरबीचे मास्तर यंत्रावर कविता टाइप करायला लागले. मला बाईंनी माझं नाव टाइप करायला शिकवलं. पहिल्यांदा कागदावर छापून आलं ते मी बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "आणि चहा कोण करत होतं तेवढ्यात?"

उम्म नव्वारा चिंध्या सोडायला आली, वली नाहीत हे कळल्यावर लाजून. बाई म्हणाल्या, "राहू द्या, मावशी. पण पुढच्या वेळी खिडकीतून नको, आत येऊन मागा."

आता त्या सातांचं. तेरा यंत्रं आणि बेचाळीस पोरं, म्हणजे एका यंत्राला तीन डोकी आणि सहा कोपरं. नाकं फुटायची. शाळा सुटल्यावर बाईंनी पोरांना घेऊन ती सात उघडली. आतल्या पट्ट्यांचे सोनेरी दात रबरानं घासले. सायकलच्या पंपानं धूळ काढली. न्हाव्याकडून केस वाळवायचं यंत्र आणलं आणि दमटपणा घालवला. एकाचं एक चांगलं, दुसऱ्याचं दुसरं चांगलं, असं जोडत जोडत पालींच्या घरासकट सातही उठवली. शेवटचं लागलं तेव्हा नव्वारानं आपल्या आईसारखा जिभेचा गजर केला. मी चहाची किटली तिथंच सोडली.

बाई सरळ मनाच्या. त्यांनी जिल्ह्याला लिहिलं, सात यंत्रं दुरुस्त झाली, नोंद बदलावी. पाच महिन्यांनी उत्तर आलं. मी स्वतः वाचलंय: 'वहीत आलेले, मेलेले आणि हरवलेले असे तीन रकाने आहेत. जिवंत झालेल्यांसाठी रकाना नाही.'

आणि त्या उत्तरामागोमाग तपासणीचे साहेब आले.

मुतवल्ली साहेब. चष्म्याला साखळी, काखेत वही, मागं दोन कारकून. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. घाईत नव्हता, ओरडत नव्हता. पण वहीत जे आहे ते जमिनीवर असलंच पाहिजे, एवढाच त्याचा धर्म. नकाशा बघितला, बरोबर. शेगडी बघितली, पाय नाहीत, बरोबर. पंजावाला खोका बघितला, कारकुनाला सांगितलं, "लिही, मानवी हात, एक, लाल." झाडूपाशी जरा थांबले, दांडा नाही याची खात्री करून घेतली. मग यंत्रांकडं वळले.

"वीस चालू," कारकून म्हणाला.

साहेबांनी वही बघितली. "वीस कशी? तेरा चालू, सात मेलेली. मेलेली सात कुठायत?"

"हीच ती, साहेब," बाई म्हणाल्या. "दुरुस्त केली. बघा ना."

"ही चालू आहेत."

"होय, म्हणून तर..."

"बाई, मी चालू मागत नाही. मी मेलेली मागतोय. सात मेलेली यंत्रं तुमच्या चार्जमध्ये आहेत. ती दाखवा."

"साहेब, तीच जिवंत झाली!"

"मग तुमच्याकडं सात जिवंत जास्त झाली आणि सात मेलेली हरवली. दोन गुन्हे झाले."

वहबा सर भिंतीला टेकले. तेवढ्यात साहेबांचं लक्ष दाराकडं गेलं. चष्मा वर करून त्यांनी खडूचा मजकूर वाचला. दोनदा वाचला. मग कारकुनाला म्हणाले, "उतरून घे. लेखी कबुली. सहीसकट."

आम्हाला पुढचं माहीत होतं. अशा वेळी चौकशी बसते, आणि चौकशी संपेपर्यंत खोली बंद. वर पुन्हा लाख, पुन्हा शिक्का. शेजारच्या गावातली चौकशी चौथ्या वर्षात होती आणि तिथं कोंबड्यांनी खोलीत संसार मांडला होता. बाईंची बदली कुठल्या तरी गोदामात झाली असती ती वेगळीच, आणि आमची बेचाळीस पोरं परत चपला काढून खिडकीपाशी. दाराबाहेर नव्वारा उभी होती. तिनं हळूच खिडकीच्या चिंध्यांकडं बघितलं.

कारकुनानं पिशवीतून लाखेची कांडी काढली. माझ्याकडं काडेपेटी मागितली. मी म्हणालो, "मी ओढत नाही, साहेब." ती माझ्या खिशातच होती.

मग मला काय सुचलं विचारू नका. वऱ्हांड्यात गेलो आणि मुख्य बटण खाली ओढलं. वीसच्या वीस पडदे काळे. परत येऊन मी म्हणालो, "घ्या साहेब! मेली!"

साहेबांनी मोजली. "ही वीस मेली. मला सात पाहिजेत. तेरा जिवंत कुठायत?"

बाईंनी माझ्याकडं अशी नजर टाकली की मी गुपचूप जाऊन बटण वर केलं. पण त्या नजरेच्या मागं काहीतरी पेटलं होतं. त्या साहेबांपुढं जाऊन उभ्या राहिल्या. मान पार मागं टाकून वर बघावं लागत होतं.

"साहेब, यंत्र मेलंय हे तुम्ही कसं ओळखता?"

"बटण दाबायचं. दिवा लागला नाही, तर मेलं."

"का लागला नाही, त्याला रकाना आहे?"

साहेबांनी वही उलटून पालटून बघितली. प्रामाणिक माणूस. "नाही," म्हणाले.

"तपासणीच्या वेळची अवस्था लिहायची, की काल-परवाची?"

"तपासणीच्या वेळची."

"मग कुठली सात मेलेली हवीत, ते नंबर वाचा."

साहेब वाचायला लागले. "तीन. चार. सात. अकरा..." आणि बाई त्यांच्या डोळ्यांदेखत, एकेकाची वायर भिंतीतून उपटत गेल्या. काही लपवलं नाही. शेवटच्या वीस नंबरची उपटली आणि बाजूला झाल्या.

साहेब सातांपाशी गेले. प्रत्येकाचं बटण बोटानं दाबलं. पेन्सिलीनं नाही, हे वहबा सरांनीही टिपलं. दिवा नाही. दिवा नाही. सातव्यापाशी त्यांनी दोनदा दाबलं. मग चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की काय सांगू, जणू हरवलेली शेळी घरी आली.

"सात मेलेली. जागेवर. बरोबर." मग आवाज खाली आणून बाईंना म्हणाले, "पोरी, ही आधीच नीट मेली असती तर एवढा वेळ गेला नसता."

"चुकलं, साहेब."

"दारावरचं ते?"

"ते खरंच आहे, साहेब. पण काही मोडलंच नाही."

साहेबांनी खोलीभर बघितलं. मेलेली सात आहेत, जिवंत तेरा आहेत, मोडलेलं काही नाही. "मग कबुली कशाची?" ते कारकुनाला म्हणाले. "खोड ते."

लाखेची कांडी पिशवीत परत गेली. माझी काडेपेटी खिशात सुखानं हलली.

पण एक अडचण उरली. यंदा नवीन हुकूम आला होता की तपासणीचा अहवाल हातानं लिहिलेला चालणार नाही, संगणकावर टाइप केलेलाच पाहिजे, तीन प्रती, जागच्या जागी शिक्का. नाहीतर तपासणी झालीच नाही असं धरायचं आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. मी विचारलं, "साहेब, कचेरीत असतील की संगणक?"

साहेबांनी चष्मा पुसला. "आहेत. ज्याच्या चार्जमध्ये आहेत तो कुवेतला गेलाय. खोलीला सील आहे."

बाई म्हणाल्या, "आम्ही करून देतो. तुम्ही सरांच्या खोलीत बसा."

उम्म नव्वारानं पाठवलेली फतीर गरम होती, पदरापदराची रोटी, वर मध आणि जुनं चीज. साहेबांनी दोन घेतल्या, कारकुनांनी मोजल्या नाहीत. आणि मी चहा नेता नेता बघितलं तर कोपऱ्यातल्या खोलीत नव्वारा टाइप करत होती, अरबीचे मास्तर मागं उभं राहून वाक्यं तपासत होते. छपाईच्या यंत्राची वायर फक्त एकाच संगणकाला बसायची, पोरांनीच ती तशी जोडली होती. बाईंनी त्या एका यंत्राची वायर परत भिंतीत घातली होती. मी नंबर बघितला आणि कपबशा वाजू नयेत म्हणून हळूच मागं फिरलो.

तीन प्रती आल्या. सुबक, समास सोडून, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. साहेबांनी वाचलं: यंत्रं तेरा जिवंत, यंत्रं सात मृत, क्रमांक तीन, चार, सात वगैरे, सर्व मृतावस्थेत जागेवर सापडली, मानवी हात एक, लाल, खोली वापरात, सीलची गरज नाही. खाली त्यांनी सही केली, वहबा सरांनी केली, बाईंनी केली. मग डबी उघडली आणि सरकारी गरुडाचा शिक्का मारला, धप, धप, धप. तुम्हाला माहीतच आहे, गरुड एकदा कागदावर बसला की उडत नाही. खोली उघडी राहिली. आजही उघडी आहे. दर वर्षी तपासणी येते, ती सात यंत्रं पाव तास मरतात, साहेब फतीर खातात आणि पाहुणे गेले की सातही परत उठतात. नव्वारा आता तिथंच बाईंच्या हाताखाली शिकवते.

पण त्या दिवशी जाता जाता मुतवल्ली साहेब दारात थांबले. कागद पुन्हा उजेडात धरला. अक्षरांवरून बोट फिरवलं. वहबा सरांनी डोळे मिटले.

"बाई," साहेब म्हणाले, "एवढं स्वच्छ काम आमच्या जिल्ह्याच्या कचेरीतसुद्धा होत नाही. कुठल्या यंत्रावर केलंत हे?"

आणि आमच्या इन्शिराह बाई, मान वर करून, डोळ्यांची पापणी न हलवता म्हणाल्या:

"सात नंबरच्या, साहेब. आपल्या मरणाचा दाखला त्यानं आपल्याच हातानं छापला. आणखी एखादी प्रत हवी असेल तर आत्ताच सांगा, अजून गरम आहे ते."